महाविद्यालयीन शिक्षणाची पूर्वतयारी

माध्यमिक शाळेतून महाविद्यालयात जाणाऱ्या विद्यार्थ्याला तेथील अध्ययन स्वतःच्या बळावर पार पाडता यावे, यासाठी त्याच्या ठिकाणी आवश्यक ते ज्ञान, भाषाप्रभुत्व, अभ्यासाच्या सवयी, विषयनिवडीची समज आणि मानसिक परिपक्वता निर्माण करण्याची प्रक्रिया म्हणजे महाविद्यालयीन शिक्षणाची पूर्वतयारी होय. प्रवेशास पात्र ठरणे आणि अध्ययनास सिद्ध असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पात्रता शालान्त परीक्षेच्या गुणांवरून ठरते. सिद्धता मात्र प्रवेशानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत कळून येते. या दोहोंतील अंतर कमी करणे, हे पूर्वतयारीचे मुख्य कार्य आहे.

महाराष्ट्रात शाळेतून पदवी शिक्षणाकडे होणारे संक्रमण दोन टप्प्यांनी होते. दहावीनंतर, म्हणजे वयाच्या सुमारे सोळाव्या वर्षी, विद्यार्थी अकरावीत कनिष्ठ महाविद्यालयात जातो आणि बारावीनंतर पदवी अभ्यासक्रमास प्रवेश घेतो. शाळा सुटणे, शाखा निवडणे आणि पुष्कळदा शिक्षणाचे माध्यम बदलणे हे तिन्ही बदल पहिल्याच टप्प्यावर एकदम येतात. त्यामुळे पूर्वतयारीचा खरा प्रश्न बारावीपेक्षा दहावी–अकरावीच्या सांध्यावर उभा राहतो. मुंबईच्या उपनगरांत अनेक भाषांच्या, माध्यमांच्या व आर्थिक स्तरांच्या शाळांतील विद्यार्थी एकाच प्रवेशप्रक्रियेतून एकाच वर्गात येत असल्याने तेथे हा प्रश्न विशेष स्पष्टपणे दिसतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली आणि त्याची पहिली प्रवेश परीक्षा (मॅट्रिक्युलेशन) १८५९ मध्ये घेण्यात आली. विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक असलेले महादेव गोविंद रानडे याच पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झाले होते. ही परीक्षा शाळेची अंतिम परीक्षा नसून विद्यापीठाचे द्वार होते. त्यामुळे माध्यमिक शाळांचा सारा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या गरजांकडे पाहून ठरू लागला. १८८२ च्या हंटर आयोगाने हा दोष ओळखून माध्यमिक शिक्षणाचे दोन प्रवाह सुचविले : एक विद्यापीठ प्रवेशाकडे नेणारा आणि दुसरा व्यापार व व्यवसायांसाठी उपयुक्त असा. दुसऱ्या प्रवाहाला समाजात प्रतिष्ठा न मिळाल्याने तो क्षीणच राहिला.

कलकत्ता विद्यापीठ आयोगाने (सॅडलर आयोग, १९१७–१९) या प्रश्नाचा अधिक मूलगामी विचार केला. शाळा व विद्यापीठ यांमधील सीमारेषा मॅट्रिकला नसून इंटरमीजिएट परीक्षेला असावी आणि मधल्या दोन वर्षांच्या शिक्षणासाठी स्वतंत्र इंटरमीजिएट महाविद्यालये काढावीत, अशी त्याची शिफारस होती. शाळेतून नुकत्याच आलेल्या मुलाला व्याख्यानपद्धतीच्या मोठ्या वर्गात बसविणे अनुचित आहे, हे यामागील तत्त्व होते.

मुंबई प्रांतात १९४८ च्या कायद्याने शालान्त परीक्षेसाठी स्वतंत्र मंडळ अस्तित्वात आले आणि १९४९ मध्ये पहिली माध्यमिक शालान्त प्रमाणपत्र परीक्षा झाली. महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर १९६५ च्या अधिनियमान्वये राज्याचे माध्यमिक शिक्षण मंडळ स्थापन झाले. त्या काळी अकरा वर्षांच्या शालेय शिक्षणानंतर चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम असे. त्यातील पहिली दोन वर्षे इंटर परीक्षेपर्यंतची असून वैद्यक व अभियांत्रिकी शाखांचे प्रवेश इंटर सायन्सच्या गुणांवर होत. शिक्षण आयोगाने (कोठारी आयोग, १९६४–६६) १०+२+३ हा आकृतिबंध सुचविल्यावर महाराष्ट्राने तो स्वीकारला. १९७५ मध्ये नव्या पद्धतीची दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. जुन्या पद्धतीची अकरावीची परीक्षाही त्याच वर्षी झाल्याने दोन तुकड्या एकाच वर्षी शाळेबाहेर पडल्या. जूनपासून अकरावीचे वर्ग सुरू झाले आणि त्यांना ‘कनिष्ठ महाविद्यालय’ हे नाव मिळाले.

या नावातच पुढील अडचणीचे बीज होते. +२ स्तर हा शालेय शिक्षणाचा भाग आहे, अशी कोठारी आयोगाची आणि पुढे १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची भूमिका होती. महाराष्ट्रात मात्र हे वर्ग काही ठिकाणी माध्यमिक शाळांना, काही ठिकाणी पदवी महाविद्यालयांना जोडण्यात आले. मुंबईत नामांकित पदवी महाविद्यालयांना जोडलेल्या वर्गांकडेच विद्यार्थ्यांचा ओढा राहिला. परिणामी अभ्यासक्रम व परीक्षा शालेय मंडळाची, पण वातावरण, हजेरीविषयीची शिथिलता व अध्यापनाची रीत महाविद्यालयाची, अशी मिश्र अवस्था निर्माण झाली.

उपनगरांतील महाविद्यालये : १९५० व १९५७ मध्ये उपनगरे बृहन्मुंबईत समाविष्ट झाली आणि पश्चिमेस दहिसर, तर पूर्वेस मुलुंड ही शहराची सीमा ठरली. १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला. अंधेरी, बोरिवली व कुर्ला हे त्याचे तालुके असून घाटकोपर व मुलुंड कुर्ला तालुक्यात मोडतात. उच्च शिक्षण देणाऱ्या जुन्या संस्था दक्षिण मुंबईत असल्यामुळे उपनगरांतील मुलांना प्रदीर्घ काळ लोकलगाडीने एल्फिन्स्टन, विल्सन वा सेंट झेविअर्स महाविद्यालयात, अथवा १९३७ नंतर माटुंग्याच्या रुइया महाविद्यालयात जावे लागे. जोगेश्वरीचे इस्माईल युसुफ महाविद्यालय (१९३०) आणि अंधेरीचे भवन्स महाविद्यालय (१९४६) ही उपनगरांतील आरंभीची महाविद्यालये होत.

उपनगरांतील पुढील वाढीचे एक वैशिष्ट्य म्हणजे शाळा चालविणाऱ्या संस्थांनीच वरच्या पायऱ्या बांधल्या. १९२१ मध्ये विलेपार्ले येथे पार्ले टिळक विद्यालय सुरू झाले. त्याच्या चालक संस्थेने १९५९ मध्ये पार्ले महाविद्यालय (नंतरचे साठ्ये महाविद्यालय), १९६० मध्ये म. ल. डहाणूकर वाणिज्य महाविद्यालय आणि १९७० मध्ये मुलुंड वाणिज्य महाविद्यालय काढले. घाटकोपर येथे हिंदी विद्या प्रचार समितीने १९६३ मध्ये रामनिरंजन झुनझुनवाला महाविद्यालय स्थापिले. विद्याविहारला सोमय्या संकुल उभे राहिले (१९५९), विलेपार्ल्याला मिठीबाई महाविद्यालय (१९६१) आणि मुलुंडला केळकर शिक्षण संस्थेचे वझे महाविद्यालय (१९८४) सुरू झाले. शाळा व महाविद्यालय एकाच संस्थेचे असल्यास शिक्षकांचा परस्परसंवाद शक्य होतो आणि शाळेतील उणिवा महाविद्यालयाला आधी कळू शकतात. तथापि केंद्रीय प्रवेशपद्धतीत विद्यार्थी गुणानुक्रमे सर्वत्र विखुरले जात असल्याने, संस्थांतर्गत राखीव जागा वगळता, या जुन्या दुव्याचा उपयोग मर्यादित झाला आहे.

गुण व प्रवेश : अकरावीचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो. मुंबई महानगर प्रदेशात २००९ मध्ये या प्रवेशांसाठी केंद्रीय ऑनलाइन पद्धती सुरू झाली. २०२५ मध्ये ती सर्व राज्याला लागू करण्यात आली. या पद्धतीमुळे प्रत्येक महाविद्यालयाच्या दारात रांग लावून अर्ज नेण्याचे कष्ट वाचले आणि प्रवेशात पारदर्शकता आली. त्याचबरोबर एखाद्या गुणाच्या फरकाने महाविद्यालय बदलू लागल्याने गुणांना पूर्वीपेक्षाही अधिक महत्त्व आले.

निरनिराळ्या मंडळांच्या गुणांची तुलना कशी करावी, हा वाद न्यायालयांपर्यंत गेला. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठी २००८ मध्ये योजलेले शततमक सूत्र आणि २००९ मध्ये ठरविलेले ९०:१० हे जागांचे प्रमाण मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरविले. सहा विषयांपैकी सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांचीच बेरीज धरण्याची पद्धत २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य मानली. कोविड-१९ च्या साथीत २०२१ ची दहावीची परीक्षा रद्द झाली. तेव्हा अकरावीसाठी योजलेली सामाईक प्रवेश परीक्षाही उच्च न्यायालयाने रद्द केली.

दहावीच्या निकालांतील चढउतार या दृष्टीने बोलके आहेत. भाषा व समाजशास्त्रे या विषयांतील अंतर्गत मूल्यमापनाचे गुण काढून घेतल्यावर २०१९ मध्ये राज्याचा निकाल ७७.१० टक्के लागला. ते गुण पुन्हा दिल्यावर २०२० मध्ये तो ९५.३० टक्के झाला आणि परीक्षेविना लागलेला २०२१ चा निकाल ९९.९५ टक्के होता. अवघ्या तीन वर्षांत विद्यार्थ्यांची बौद्धिक तयारी एवढी बदलली, असे मानता येत नाही. बदलले ते मापन. गुणांवरून विद्यार्थ्यांचा अनुक्रम लावता येतो, परंतु पुढील अभ्यास कोणाला झेपेल, याविषयी ते अपुरी माहिती देतात. पाठ केलेली उत्तरे, अपेक्षित प्रश्नसंच व तोंडी परीक्षेतील सढळ गुण यांवर मिळालेले ९० टक्के आणि आकलनातून मिळालेले ९० टक्के गुणपत्रिकेवर सारखेच दिसतात.

भाषा व माध्यम : मराठी माध्यमातून दहावी झालेल्या विद्यार्थ्याला वाणिज्य वा कला शाखेत मराठीतून उत्तरे लिहिण्याची मुभा असली, तरी उपनगरांतील बहुतेक महाविद्यालयांत वाणिज्य शाखेचे वर्ग इंग्रजीतून चालतात, विज्ञान शाखेचे अध्यापन तर प्रायः इंग्रजीतूनच होते. त्यामुळे त्वरण, संवेग, विभवांतर, लसावि, मसावि या संज्ञा ज्याला अर्थासह ठाऊक आहेत, असा विद्यार्थीही पहिल्या दिवसांत गोंधळतो. त्याला संकल्पना येत असते, पण तिचे नवे नाव येत नसते. शिक्षक भरभर बोलतात, प्रश्न विचारावा तर इंग्रजीत विचारावा लागतो आणि हसे होण्याच्या भीतीने तो गप्प राहतो. पहिल्या घटक चाचणीत कमी गुण पडले, की दोष आपल्या बुद्धीचा आहे, अशी त्याची समजूत होते. हा गैरसमज पुष्कळांच्या शाखाबदलाचे किंवा शिक्षणत्यागाचे कारण ठरतो.

या अडचणीवर तीन प्रकारचे उपाय योजले गेले. राज्यात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी विषय शिकविण्यात येऊ लागला. तत्पूर्वी तो पाचवीपासून असे. अनेक मराठी शाळांनी गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि उर्वरित विषय मराठीतून शिकविण्याची ‘सेमी-इंग्रजी’ पद्धत स्वीकारली. तसेच अलीकडील मराठी पाठ्यपुस्तकांत शास्त्रीय संज्ञांसोबत इंग्रजी प्रतिशब्द कंसात दिले जातात. सेमी-इंग्रजी पद्धतीने अकरावीचा धक्का सौम्य होतो; मात्र आठवी-नववीतच आकलन मागे पडून केवळ इंग्रजी वाक्ये पाठ होऊ लागली, तर धक्का टळत नाही, तो आधी बसतो एवढेच. ज्या भाषेत विद्यार्थी विचार करतो, तीत संकल्पना पक्की करून मग तिचे इंग्रजी रूप देणे हा क्रम अध्ययनशास्त्रदृष्ट्या अधिक इष्ट होय.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने (स्थापना १९७४, सध्या मानखुर्द येथे) या विषयात महत्त्वाचे काम केले. आशय तोच ठेवून विज्ञानपाठांची भाषा सोपी केल्यास विद्यार्थ्यांच्या आकलनात सुधारणा होते, असे केंद्राच्या अभ्यासात आढळले. पुढे मुंबई महानगरपालिकेच्या माध्यमिक शाळांतील अनुसूचित जातींच्या निवडक विद्यार्थ्यांसाठी केंद्राने शालान्त परीक्षेपर्यंत नियमित मार्गदर्शनाचा प्रकल्प राबविला. त्याचा अहवाल वि. गो. कुलकर्णी व सुधाकर आगरकर यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. या मुलांच्या उणिवा बुद्धीच्या नसून भाषिक अभिव्यक्ती, प्रश्न विचारण्याची सवय आणि प्रत्यक्ष प्रयोगांचा अनुभव यांच्या अभावातून आलेल्या होत्या आणि त्या भरून काढल्यावर त्यांचे शालेय यश लक्षणीयपणे सुधारले. पूर्वतयारी ही उपजत देणगी नसून शिकविता येण्याजोगी गोष्ट आहे, हे या प्रकल्पाने दाखवून दिले.

अध्ययनपद्धतीतील फरक : शाळा व महाविद्यालय यांतील अभ्यासाची रीत मुळातच भिन्न असते. शाळेत शिक्षक वही तपासतात, फळ्यावरील उत्तर उतरवून घेतात आणि पाठ्यपुस्तकाबाहेर जाण्याचे कारण पडत नाही. महाविद्यालयात व्याख्यान ऐकता ऐकता स्वतःच्या शब्दांत टिपणे काढावी लागतात, एकाच विषयाची एकाहून अधिक पुस्तके पाहावी लागतात आणि न समजलेले कोणी आपणहून विचारीत नाही. म्हणून आठवी ते दहावी या तीन वर्षांत पुढील सवयी जाणीवपूर्वक लावणे आवश्यक ठरते : (१) परिच्छेद वाचून त्याचा सारांश लिहिणे, (२) ऐकलेल्या भाषणाची टिपणे घेणे, (३) शब्दकोश, विश्वकोश व ग्रंथसूची वापरणे, (४) आठवड्याच्या अभ्यासाचे वेळापत्रक स्वतः आखून पाळणे, (५) उदाहरण सोडविताना रीत लिहून कारण देणे, (६) चुकलेल्या उत्तराचा शोध घेऊन ते पुन्हा सोडविणे.

विषयवार पाहता गणितात ही दरी सर्वांत मोठी दिसते. दहावीच्या गणितात ठरावीक नमुन्यांची उदाहरणे पुष्कळ असतात. अकरावीत त्रिकोणमिती, सदिश, सीमा व अवकलन यांतून अमूर्त विचाराला आरंभ होतो. बीजगणितातील साधी रूपांतरे हाताखालची नसतील, तर नवी संकल्पना समजूनही उदाहरण सुटत नाही. रसायनशास्त्रात मोल-संकल्पना हा असाच अडथळा ठरतो. त्याचे मूळ गुणोत्तर-प्रमाणाच्या कच्च्या ज्ञानात असते. भौतिकीत एककांचे भान व आलेखवाचन यांची उणीव जाणवते. बारावीच्या परीक्षेत विज्ञान विषयांना लेखी ७० व प्रात्यक्षिकाचे ३० गुण असतात. परंतु ज्या शाळेत प्रयोगशाळेचे कपाट वर्षातून एक-दोनदाच उघडते, तेथील विद्यार्थ्याला उपकरण हाताळण्यापासून सारे नव्याने शिकावे लागते.

वाणिज्य शाखेतील परिस्थिती वेगळी आहे. पुस्तपालन व लेखाकर्म हा विषय सर्वांनाच नवा असल्याने प्रारंभ समान पातळीवर होतो. तेथे अडथळा विषयाचा नसून भाषेचा व टापटिपीच्या सवयीचा असतो. बँका, विमा कंपन्या व व्यापारी पेढ्या यांत नोकरीची संधी असल्याने उपनगरांत वाणिज्य शाखेला मोठी मागणी राहिली आणि मुलुंड, विलेपार्ले, मालाड येथे केवळ वाणिज्याची महाविद्यालये निघाली. कला शाखेकडे कमी गुणांची शाखा म्हणून पाहिले जाते. वस्तुतः दीर्घ वाचन व निबंधलेखन यांची पूर्वतयारी तिला सर्वाधिक लागते आणि शाळेत तीच सर्वांत कमी होते.

अकरावीचे वर्ष : अकरावीचे गुण पुढील कोणत्याही प्रवेशासाठी धरले जात नाहीत, म्हणून हे वर्ष ‘विश्रांतीचे’ मानण्याची प्रथा पडली. प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्याने वर्ग उशिरा भरतात आणि सत्र आखूड होते. प्रत्यक्षात बारावीचा व पदवीच्या प्रथम वर्षाचा पाया याच वर्षी घातला जातो. सीमा, सदिश वा मोल-संकल्पना कच्च्या राहिल्या, तर बारावीत त्या शिकविण्यास कोणालाही वेळ नसतो. ज्या कनिष्ठ महाविद्यालयांत अकरावीच्या आरंभी दोन-तीन आठवड्यांचा सेतू-अभ्यासक्रम घेण्यात येतो आणि इंग्रजी संज्ञांची ओळख, टिपणलेखन व बीजगणिताची उजळणी होते, तेथे मराठी माध्यमाचे विद्यार्थी लवकर स्थिरावतात. सेतू-अभ्यासक्रमास विशेष खर्च येत नाही. तो वेळापत्रकात बसविण्याची इच्छा मात्र लागते.

खाजगी शिकवणी वर्ग : अंधेरी, बोरिवली, घाटकोपर वा मुलुंड या स्थानकांबाहेर शिकवणी वर्गांचे फलक व गुणवंतांची छायाचित्रे दाटीने लावलेली दिसतात. वैद्यकीय प्रवेशासाठी ‘नीट’, अभियांत्रिकीसाठी ‘जेईई’ व राज्याची ‘एमएचटी-सीईटी’ या परीक्षांचे महत्त्व वाढल्यावर या वर्गांनी विज्ञान शाखेत कनिष्ठ महाविद्यालयाची जागाच घेतली. काही कनिष्ठ महाविद्यालयांनी त्यांच्याशी करार करून ‘एकात्मिक’ व्यवस्था स्वीकारली. तीत विद्यार्थ्याचे नाव महाविद्यालयाच्या पटावर असते, पण तो शिकतो शिकवणी वर्गात. या प्रकाराला आळा घालण्यासाठी राज्य शासनाने २०१८ मध्ये मुंबईसह काही विभागांतील विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. सोळा वर्षांखालील विद्यार्थ्यांना शिकवणी संस्थांनी प्रवेश देऊ नये, असे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे.

शिकवणी वर्गांना सरसकट दोष देणे न्याय्य नाही. नियमित सराव, वेळेवर तपासलेल्या चाचण्या आणि शंकानिरसन या गोष्टी तेथे मिळतात, म्हणूनच पालक तिकडे वळतात. त्यांची मर्यादा दुहेरी आहे. एक, त्यांचे शुल्क अनेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर असते. दोन, बहुपर्यायी प्रश्नांच्या वेगवान सरावात दीर्घ उत्तर मांडणे, प्रयोग करणे व स्वतः वाचणे मागे पडते. नेमकी हीच कौशल्ये पदवी शिक्षणाला लागतात. त्यामुळे प्रवेश परीक्षेत उत्तम गुण मिळविलेला विद्यार्थीही पदवीच्या पहिल्या वर्षी अडखळलेला दिसतो.

शाखानिवड व मार्गदर्शन : मुंबईत १९५० मध्ये शासनाने व्यवसाय मार्गदर्शनाचे केंद्र सुरू केले; पुढे त्याचे रूपांतर व्यवसाय मार्गदर्शन व निवड संस्थेत झाले. २०१६ पासून राज्य मंडळाने दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी काही वर्षे कलचाचणी घेतली. अशा चाचण्यांतून आवडीची दिशा कळते. परंतु आवड, कुवत व उपलब्ध संधी यांचा मेळ घालून सांगणारा समुपदेशक नसेल, तर चाचणीचा अहवाल कपाटातच पडून राहतो. अनेक घरांत शाखा टक्केवारीवरून ठरते : अधिक गुण मिळाले तर विज्ञान, मध्यम असतील तर वाणिज्य आणि उरले तर कला. तंत्रनिकेतनातील पदविका, औद्योगिक प्रशिक्षण संस्था, द्विलक्ष्यी व व्यवसाय अभ्यासक्रम हे पर्याय पुष्कळ पालकांना वेळेवर कळतच नाहीत.

ज्या कुटुंबातील पहिलेच मूल महाविद्यालयात जात आहे, तेथे पूर्वतयारीचा अर्थ अधिक व्यापक असतो. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचे व उत्पन्नाचे प्रमाणपत्र, अधिवासाचा दाखला ही कागदपत्रे निकालापूर्वीच तयार नसतील, तर हक्काची जागा वा शिष्यवृत्ती हातची जाते. प्रवेशाचा अर्ज कोणत्या पसंतिक्रमाने भरावा, प्रवासाला किती वेळ लागेल, घरातील एका खोलीत अभ्यास केव्हा होईल, या बाबी कोणीतरी समजावून सांगाव्या लागतात. हे काम शाळेतील वर्गशिक्षकच सर्वांत चांगले करू शकतात. बालकांच्या सक्तीच्या व मोफत शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमाचे संरक्षण चौदाव्या वर्षापर्यंत, म्हणजे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत आहे. शाळा–महाविद्यालय संक्रमणाच्या वेळी विद्यार्थी त्या संरक्षणाच्या बाहेर असतो, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

शालाबाह्य उपक्रमांचाही पूर्वतयारीत वाटा आहे. मुंबईतील विज्ञान शिक्षकांच्या संघटनेतर्फे सहावी व नववीच्या विद्यार्थ्यांसाठी घेण्यात येणारी होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आणि मराठी विज्ञान परिषदेचे (स्थापना १९६६) कार्यक्रम यांतून पाठ्यपुस्तकाबाहेरचे वाचन व प्रकल्पलेखन घडते. मात्र अशा स्पर्धांसाठीही आता शिकवणी वर्ग निघाल्याने त्यांचा मूळ हेतू जपणे आवश्यक झाले आहे.

इतर देशांतील पद्धती : जर्मनीतील ‘गिम्नाझियम’ या माध्यमिक शाळेची ‘अबिटूर’ परीक्षा आणि फ्रान्समध्ये नेपोलियनच्या काळी (१८०८) सुरू झालेली ‘बाकालोरेआ’ परीक्षा या शालान्त परीक्षाच विद्यापीठ प्रवेशाचा अधिकार देतात, त्यांत दीर्घ लेखी उत्तरे व तोंडी परीक्षा यांना महत्त्व असते. इंग्लंडमध्ये सोळा ते अठरा या वयातील विद्यार्थी ‘ए-लेव्हल’साठी मोजके विषय सखोलपणे अभ्यासतात. अमेरिकेत १९५० च्या दशकात माध्यमिक शाळेतच महाविद्यालयीन पातळीचे अभ्यासक्रम शिकविण्याची योजना सुरू झाली. ज्यांची तयारी अपुरी आहे, अशांसाठी सार्वजनिक द्विवर्षीय महाविद्यालये उपचारात्मक वर्ग चालवितात. या सर्व पद्धतींत सोळा ते अठरा ही वर्षे पूर्वतयारीची म्हणून स्पष्टपणे ओळखली जातात आणि तिची जबाबदारी कोणावर आहे, हे ठरलेले असते.

मूल्यमापन : राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शालेय शिक्षणाचा ५+३+३+४ हा आकृतिबंध सुचविला असून त्यात नववी ते बारावी हा एकच सलग टप्पा मानला आहे. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून या धोरणानुसार पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. त्यांत विद्यार्थ्याला मुख्य विषयाबरोबर इतर शाखांतील विषय स्वतः निवडावे लागतात. साहजिकच निवड करण्याची, स्वतः वाचण्याची व वेळेचे नियोजन करण्याची क्षमता पूर्वीपेक्षा अधिक लागणार आहे. नवा आकृतिबंध कागदावर सलग असला, तरी दहावीनंतर संस्था, मित्र, शिक्षक व माध्यम बदलण्याची महाराष्ट्रातील प्रथा कायम राहिल्यास विद्यार्थ्याच्या अनुभवात तो खंडितच राहील.

महाराष्ट्रात शाळा ही जबाबदारी दहावीच्या निकालाबरोबर संपली असे मानते. पदवी महाविद्यालय ती बारावीपर्यंत पूर्ण झाली असावी असे गृहीत धरते. मधले कनिष्ठ महाविद्यालय ती शिकवणी वर्गांवर सोडते. या तिघांमध्ये ज्याला घरून आधार आहे, तो विद्यार्थी निभावून नेतो. ज्याला तो नाही, त्याचे नुकसान होते आणि ते आकडेवारीत केवळ ‘गळती’ म्हणून नोंदले जाते. आठवीपासून भाषेची व स्वाध्यायाची घडण, दहावीनंतर सेतू-अभ्यासक्रम, अकरावीच्या वर्षाला त्याचे योग्य स्थान आणि शाळा व कनिष्ठ महाविद्यालयांच्या शिक्षकांचा नियमित विचारविनिमय, एवढ्या गोष्टी साधल्या तरी हे अंतर पुष्कळ अंशी भरून निघू शकते.